ज्वालामुखीवरचं पहिलं संशोधन परिषदेत मांडताना

पहिल्या परिषदेला निघालेला संशोधक बहुधा दोन-तीन वर्षांचं सगळं काम सोबत घेतो आणि ते बारा मिनिटांत किंवा एका पोस्टरवर कोंबायचा घाट घालतो. मीही तेच केलं होतं. माझ्या पोस्टरवर सात चौकटी, दोन नकाशे आणि मुंगीएवढ्या अक्षरांतला एक तक्ता होता. एक ज्येष्ठ बाई आल्या, अर्धा मिनिट वाचत उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं, पण तुला सापडलं काय?" मला ते एका वाक्यात सांगता येईना. त्या मान हलवून पुढच्या पोस्टरकडे गेल्या.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच सांगतो. परिषदेला जाताना एक दावा न्या आणि तो कितपत पक्का आहे हे सांगणारा एक आकडा न्या. खाली जे काही लिहिलंय ते या दोन गोष्टी नीट पोहोचाव्यात यासाठी.

परिषद कुठली निवडायची

ज्वालामुखीशास्त्राची मातृसंस्था म्हणजे आयएव्हीसीईआय (IAVCEI) ही आंतरराष्ट्रीय संघटना. तिची सुरुवात १९१९ची. तिच्या सर्वसाधारण वैज्ञानिक परिषदांत दगडाच्या रसायनापासून भूकंपमापनापर्यंत सगळे भेटतात. तिचीच 'सिटीज ऑन व्होल्कॅनोज' ही मालिका १९९८ साली रोम आणि नेपल्समध्ये सुरू झाली. तिथे ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या वेधशाळांची माणसं, आपत्ती व्यवस्थापनातले अधिकारी आणि समाजशास्त्रज्ञही येतात. तुमचं काम धोक्याचे नकाशे, इशारे किंवा वस्त्यांशी जोडलेलं असेल तर तुमचा श्रोता तिथे आहे.

युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वसंतातली व्हिएन्नाची सभा आणि अमेरिकन जिओफिजिकल युनियनची डिसेंबरातली सभा या दोन्ही म्हणजे जत्रा. हजारो लोक, शेकडो सत्रं. तिथे तुमच्या विषयाचे वीसच जण असतील, पण ते वीस नेमके असतात. पहिल्याच खेपेला जत्रेत हरवायला होतं, म्हणून जमल्यास आधी एखादी लहान, दोनशे-तीनशे जणांची बैठक करून बघा. लहान बैठकीत ज्यांचे निबंध तुम्ही वाचलेत ते लोक चहाच्या रांगेत तुमच्या मागे उभे असतात.

सत्र निवडताना शीर्षकावर जाऊ नका, संयोजकांची नावं बघा. त्यांतल्या एकाचे तरी निबंध तुमच्या संदर्भसूचीत असतील तर ते सत्र तुमचं. अनेक मोठ्या सभांत प्रथम लेखक म्हणून एकच गोषवारा देता येतो, त्यामुळे ही निवड घाईत करू नये. पैशांचं गणितही इथेच मांडा. प्रवास-अनुदानाची मुदत कित्येकदा गोषवाऱ्याच्याच तारखेला, नाहीतर तिच्याही आधी संपते. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र गोषवारा स्वीकारल्याच्या दिवशीच मागून घ्या.

दावा एका वाक्यात

एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, तुम्ही एका ज्वालामुखीच्या लाव्हातले ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक तपासलेत. स्फटिकाच्या गाभ्यात मॅग्नेशियम जास्त आणि कडेला लोह जास्त, आणि दोहोंमधली सीमा धूसर झालेली. भोवतालचा शिलारस बदलला की अशी सीमा तयार होते आणि पुढे अणू सरकत राहिल्याने ती हळूहळू विरते. ती किती विरली यावरून, शिलारस बदलल्यापासून उद्रेकापर्यंत किती काळ गेला, हे काढता येतं.

आता वाक्य लिहा. "आम्ही ऑलिव्हिनमधील विसरणाचा अभ्यास केला" हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात तुम्ही काय केलंत एवढंच कळतं. "उद्रेकाच्या साधारण सहा आठवडे आधी या ज्वालामुखीच्या कोठीत नवा शिलारस शिरला" हा दावा झाला. आणि दुसरं वाक्य: "तापमानाच्या अनिश्चिततेमुळे हा काळ तीन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो." पुष्कळ जण हे दुसरं वाक्य लपवतात. मला विचाराल तर तेच आधी पाठ करा. शिलारसाच्या तापमानांना अंदाज पन्नासेक अंशांनी चुकला तरी ऑलिव्हिनमधला काळ जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा होतो, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं. तुम्ही नाही सांगितलंत तर ते विचारतील, आणि विचारल्यावर सांगितलेली अनिश्चितता कबुलीजबाबासारखी वाटते.

गोषवारा

गोषवाऱ्याची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी असते, म्हणून बरेच जण अजून न केलेल्या कामाचा गोषवारा पाठवतात आणि शेवटी लिहितात, "निष्कर्षांवर चर्चा केली जाईल." संयोजक असे शेकडो गोषवारे वाचत असतो. या वाक्याशी पोहोचल्यावर त्याच्या मनात तुमचं नाव पोस्टरच्या यादीत गेलेलं असतं.

कच्चा का असेना, आकडा द्या. "आतापर्यंत तपासलेल्या २२ स्फटिकांपैकी १७ स्फटिकांत सीमा धूसर आहे" एवढं लिहिलं तरी काम सुरू असल्याचं दिसतं. पहिली दोन वाक्यं प्रश्नाला, एक वाक्य पद्धतीला आणि उरलेली जागा काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय याला. पद्धतीचा पाल्हाळ हा विद्यार्थ्यांचा आवडता छंद असतो, कारण वेळ तिथेच गेलेला असतो. कुठलं यंत्र आणि किती व्होल्टता, हे प्रत्यक्ष भेटीत विचारणारा कुणीतरी असतोच.

पाठवण्याआधी प्रत्येक सहलेखकाची लेखी संमती घ्या. गाइडने होकार दिला म्हणजे सगळ्यांनी दिला असं होत नाही.

माहिती कुणाची आहे?

ज्वालामुखीच्या बाबतीत ही पायरी वगळणं महागात पडतं. भूकंपमापीची नोंद, वायूंची मोजणी, उद्रेकाच्या दिवशीचे फोटो हे बहुतेकदा स्थानिक वेधशाळेच्या लोकांनी रात्री जागून गोळा केलेलं असतं. तुम्ही ते एखाद्या सर्व्हरवरून उतरवून घेतलं असलं तरी त्यांना आधी कळवा, कुठली आकृती दाखवणार ती पाठवा, आणि त्यांचा वाटा मोठा असेल तर सहलेखक म्हणून विचारा. शेवटच्या स्लाइडवर वेधशाळेचं बोधचिन्ह चिकटवणं म्हणजे श्रेय देणं नव्हे.

याचा व्यावहारिक फायदाही आहे. "त्या आठवड्यात उत्तरेकडचं केंद्र बंद होतं, त्यामुळे नोंदीतला तो खड्डा खरा नाही," असं वेधशाळेतला माणूसच सांगू शकतो. हे परिषदेच्या आधी कळलेलं बरं.

नमुने सोबत नेणार असाल तर संकलनाचा परवाना आणि एक पानाचं वर्णनपत्रही ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीतली बारीक करडी राख विमानतळावरच्या माणसाला राख वाटत नाही.

पोस्टर

नव्या माणसाला पोस्टर मिळालं की तो हिरमुसतो. माझं मत उलटं आहे. भाषणात बारा मिनिटं बोलून तीन मिनिटांत दोन प्रश्न मिळतात. पोस्टरपाशी दोन तासांत पंधरा लोक थांबले तर पंधरा संवाद होतात, आणि त्यातले तीन-चार तुमच्या प्रबंधाची दिशा बदलू शकतात.

आधी फळ्याचं माप परिषदेच्या सूचनांत बघा, आडवं की उभं तेही. ए-शून्य (A0) कागद ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटरचा असतो. उभ्या फळ्यावर आडवं पोस्टर लटकवलेला एक तरी बिचारा दर परिषदेत भेटतो. शीर्षकाच्या जागी दावाच लिहा, आणि तो पाच मीटरवरून वाचता आला पाहिजे. मधोमध एकच मोठी आकृती ठेवा. आपल्या उदाहरणात ती म्हणजे एका स्फटिकाचा फोटो, त्यावर मोजणीची रेघ आणि शेजारी त्या रेघेवरचा रसायनाचा आलेख. डाव्या बाजूला ज्वालामुखी कुठे आहे ते, उजवीकडे काळाचा निष्कर्ष, अनिश्चिततेच्या पट्टीसकट. एवढंच. उरलेल्या आकृत्या टॅबवर किंवा छापील चोपडीत ठेवा आणि कुणी विचारलं तरच काढा.

कुणी थांबलं की लगेच सुरू होऊ नका. आधी विचारा, "तुम्ही कशावर काम करता?" समोरची व्यक्ती भूकंपवाली आहे की शिलारसायनवाली, यावर तुमचं पुढचं मिनिट ठरतं. ज्वालामुखीशास्त्रात एकाच शब्दाचे तीन अर्थ फिरत असतात. 'सोर्स' म्हटलं की भूकंपवाल्याच्या डोळ्यांसमोर धक्क्याचं केंद्र येतं, जमिनीची फुगवट मोजणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दाबाचा फुगा, आणि शिलारसायनवाल्याच्या डोळ्यांसमोर थेट प्रावरण. 'उथळ' म्हणजे एकाला पाच किलोमीटर, दुसऱ्याला पाचशे मीटर. म्हणून विशेषणाऐवजी आकडा सांगत चला.

व्हिएन्नाच्या सभेत पिको नावाचा तिसरा प्रकारही आहे. सगळे वक्ते आधी प्रत्येकी दोन मिनिटं बोलतात आणि मग आपापल्या टचस्क्रीनपाशी जाऊन उभे राहतात. या दोन मिनिटांत एकच स्लाइड, एकच वाक्य. तुमचं दावावाक्य तयार असेल तर हा प्रकार सोपा जातो.

आकृत्यांतल्या नेहमीच्या चुका

इथे थोडं रेंगाळतो, कारण चांगल्या कामाची माती इथेच होताना पाहिली आहे.

इंद्रधनुषी रंगपट्टी सोडा. तिच्यातल्या पिवळ्या पट्ट्याशी डोळा अडकतो आणि जिथे काहीच नाही तिथे सीमा दिसते. शिवाय लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांना निम्मा नकाशा कळत नाही. विरिडिस किंवा बॅटलो यांसारख्या समान पायऱ्यांच्या रंगपट्ट्या फुकट मिळतात.

उपग्रहाच्या रडारवरून काढलेला जमिनीच्या हालचालीचा नकाशा दाखवत असाल तर रंगांचं एक वर्तुळ म्हणजे किती सेंटिमीटर, हे आकृतीवरच लिहा. सेंटिनेल-१साठी ते सुमारे २.८ सेंटिमीटर असतं. आणि हे अंतर उपग्रहाच्या दृष्टिरेषेवरचं आहे, सरळ वर-खाली नाही, हेही लिहा. "जमीन १० सेंटिमीटर वर आली" असं म्हणून गेलेल्या कितीतरी जणांना पहिलाच प्रश्न यावरून आला आहे.

घनफळ सांगताना ते सैल राखेचं आहे की पोकळ्या वजा करून घट्ट खडकाच्या तोलाचं, ते स्पष्ट करा. फिलिपिन्समधल्या पिनातुबोच्या १९९१च्या उद्रेकाचं सैल घनफळ १० घन किलोमीटरच्या आसपास सांगतात. घट्ट खडकात मोजलं तर ते त्याच्या निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण एकाच आलेखात शेजारी टाकले की तो आलेख चुकतो.

उद्रेकाच्या तीव्रतेचा शून्य ते आठ हा निर्देशांक, १९८२ साली न्यूहॉल आणि सेल्फ यांनी मांडलेला, सगळेच वापरतात. पण तो मुख्यत्वे स्फोटातून उडालेल्या मालावर आणि राखेच्या खांबाच्या उंचीवर बसवलेला आहे. शांतपणे वाहिलेल्या लाव्हाला तो न्याय देत नाही. आइसलँडच्या लाकीने १७८३-८४ मध्ये सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत सोडला, आणि निर्देशांकावर तो चारच्या पायरीवर आहे. तुमचा विषय वायू किंवा लाव्हा असेल तर या निर्देशांकाच्या अक्षावर आलेख काढण्याआधी दोनदा विचार करा.

आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी. राखेच्या थरापाशी ठेवलेला हातोडा शास्त्रज्ञाला कळतो, पण हातोड्यांची लांबी वेगवेगळी असते.

भाषण

बारा मिनिटांना बारा स्लाइड ही वरची मर्यादा समजा. पहिल्या मिनिटात दावा सांगून टाका. रहस्यकथेसारखा शेवटपर्यंत राखून ठेवू नका, कारण दहाव्या मिनिटाला अध्यक्षांची चिठ्ठी येते आणि निष्कर्षाची स्लाइड भर्रकन जाते. ज्वालामुखीचा देखणा फोटो एकदाच, सुरुवातीला. उद्रेकाचा व्हिडिओ ठेवलात तर तो हमखास अडकतो, म्हणून त्याच जागी एक स्थिर चित्रही असू द्या.

रंगीत तालीम तीनदा करा. एकदा एकट्याने, घड्याळ लावून. एकदा गटातल्या लोकांसमोर. आणि एकदा तुमच्या विषयाशी काही संबंध नसलेल्या माणसासमोर. तो शेवटी तुमचा दावा स्वतःच्या शब्दांत सांगू शकला नाही तर स्लाइड बदलायच्या, त्याला समजावत बसायचं नाही. इंग्रजीत बोलायची धास्ती असेल तर फक्त पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन शब्दशः पाठ करा. मधलं आपोआप येतं. अख्खं भाषण पाठ केलं आणि एक शब्द निसटला की गाडी रुळावरून उतरते.

प्रश्न

प्रश्न तीन-चारच घराण्यांचे असतात, त्यामुळे त्यांची उत्तरं आदल्या रात्री लिहून ठेवता येतात. आपल्या उदाहरणावर येणारे प्रश्न मी आत्ताच सांगतो. "तापमान कसं काढलं?" "स्फटिकाची दिशा मोजली का?" हा दुसरा प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. ऑलिव्हिनच्या एका अक्षाच्या दिशेने लोह-मॅग्नेशियमची देवाणघेवाण इतर दोन दिशांपेक्षा सुमारे सहापट वेगाने होते, त्यामुळे छेद कुठल्या दिशेने घेतला हे माहीत नसेल तर आठवड्यांचे महिने होऊ शकतात. दिशा मोजली असेल तर ती राखीव स्लाइड तयार ठेवा. मोजली नसेल तर सरळ सांगा: "नाही मोजली. म्हणून आमचा काळ ही मर्यादा समजावी. पुढच्या फेरीत मोजणार आहोत." या उत्तरावर कुणी हल्ला करत नाही.

मग येतो तो भूकंपवाल्याचा प्रश्न: "सहा आठवडे आधी शिलारस शिरला म्हणता, मग भूकंप का वाढले नाहीत?" हा शत्रूचा प्रश्न वाटतो. खरं तर परिषदेला येण्याचं चीज इथेच होतं. उत्तर येत नसेल तर त्यांनाच विचारा, त्या केंद्रांची नोंद किती सूक्ष्म धक्के पकडते? मधल्या सुट्टीत दोघं एका टेबलाशी बसलात तर कदाचित पुढचा निबंध तिथेच सुरू होईल.

काही जण प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःचं काम सांगत बसतात. त्यांचे आभार मानून अध्यक्षांकडे बघा.

चालू संकटाबद्दल बोलताना

तुमच्या ज्वालामुखीला परिषदेच्याच आठवड्यात जाग आली तर काय? किंवा एखादा पत्रकार पोस्टरपाशी येऊन विचारू लागला, "मग आता पुन्हा उद्रेक कधी?"

१९७६ साली कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ला सूफ्रिएर ज्वालामुखीच्या परिसरातून सुमारे ७० हजार लोकांना हलवावं लागलं. त्या काळात शास्त्रज्ञ एकमेकांशी जाहीरपणे भांडले, आणि मोठा उद्रेक शेवटी झालाच नाही. याच्या उलट १३ नोव्हेंबर १९८५ ची रात्र. कोलंबियातल्या नेवादो देल रुईझचा उद्रेक आकाराने लहानच होता, धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता, तरी चिखलाच्या लोंढ्यांत अर्मेरो गाव गेलं आणि सुमारे २३ हजार माणसं मेली. दोन्ही प्रसंगांत विज्ञान होतं. ते कुणाच्या तोंडून, केव्हा आणि किती खात्रीने लोकांपर्यंत पोहोचलं, तिथे घोळ झाला. आयएव्हीसीईआयने १९९९ मध्ये संकटकाळातल्या शास्त्रज्ञांच्या वर्तनाबद्दल मार्गदर्शक मुद्दे प्रसिद्ध केले. परिषदेला जाण्याआधी ते एकदा वाचा.

व्यवहारात एवढंच करायचं. जुन्या उद्रेकाबद्दल तुम्हाला जे सापडलं ते मोकळेपणाने सांगा. आज-उद्या काय होईल यासाठी त्या ज्वालामुखीची जबाबदारी असलेल्या वेधशाळेकडे बोट दाखवा, तुमच्याकडे जास्त चांगला आकडा आहे असं वाटत असलं तरी. तो आकडा आधी वेधशाळेला कळवा. "सहा आठवडे आधी शिलारस शिरला होता" या वाक्याचं वर्तमानपत्रात "सहा आठवड्यांत उद्रेक" व्हायला एक मथळा पुरतो, त्यामुळे पत्रकाराशी बोलताना हे वाक्य भूतकाळातच आहे ना, याची खात्री करा आणि छापण्याआधी तुमचं विधान वाचून दाखवायला सांगा.

परिषदेची क्षेत्रभेट

ज्वालामुखीच्या परिषदेला बहुधा जोडून क्षेत्रभेट असते, आणि नव्या मुलांना तिचंच सगळ्यात जास्त आकर्षण. जा जरूर. पण १४ जानेवारी १९९३ लक्षात ठेवा. कोलंबियात पास्तो इथे कार्यशाळा सुरू होती, तिथले शास्त्रज्ञ गालेरास ज्वालामुखीच्या विवरात उतरले होते, आणि उद्रेक झाला. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. पुढच्या वर्षी ज्वालामुखीवर काम करणाऱ्यांसाठी सुरक्षेच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या.

हेल्मेट, वायूचा मुखवटा, अंगभर कपडे हे आयोजक सांगतील. त्यांनी सांगितलं नाही तरी न्या. निघण्याआधी तीन गोष्टी विचारा: आजच्या सकाळची वेधशाळेची स्थिती काय आहे, परत फिरायचा निर्णय कोण घेणार, आणि संपर्क कुणाशी. उत्तर गुळमुळीत आलं तर खालीच थांबा. ज्येष्ठांच्या घोळक्यासमोर "मी येत नाही" म्हणायला जीभ अडखळते, म्हणून हे वाक्यही तालमीत घ्या.

परतल्यावर

रोज संध्याकाळी, जेवणाआधी, कोण भेटलं, काय म्हणालं आणि तुम्ही काय कबूल केलंत ते वहीत लिहा. चौथ्या दिवशी सगळे चेहरे एकात एक मिसळतात. आठवड्याच्या आत मेल पाठवा: दोन ओळी, त्यांनी विचारलेला प्रश्न आणि तुम्ही कबूल केलेली आकृती. पोस्टर कायमस्वरूपी दुवा देणाऱ्या भांडारात चढवा, सहलेखकांना विचारून. वेधशाळेला वेगळं पत्र लिहा आणि त्यांच्या माहितीवर काय-काय प्रश्न आले ते कळवा.

पहिला मेल मात्र त्या भूकंपवाल्याला. त्याच्याकडे त्या सहा आठवड्यांची कच्ची नोंद असू शकते.